पन्नास मीटरसाठी पॉइंट टू-टूचं काडतूस: घडवणं, निवडणं आणि सांभाळणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातली एक मुलगी तीन वर्षं १० मीटर एअर रायफल खेळून आता ५० मीटरवर आली आहे. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारताना, सात-आठ गोळ्या छान एका जागी पडतात आणि मध्येच एखादी कारण नसताना खाली किंवा वर नवाच्या वर्तुळात जाते. परदेशातले नेमबाज लहान कॅलिबरच्या पुंगळ्या (काडतुसाची पितळी नळकांडी) स्वतः घडवतात, स्वतः भरतात आणि त्यांना वाइल्डकॅट म्हणतात, असं वडिलांच्या वाचनात आलं. उद्यमनगरात (कोल्हापुरातल्या यंत्रकामाच्या वसाहतीत) पुंगळीला आकार देणारा साचा, म्हणजे डाय, करून मिळेल, तर आपणही हाताने भरलेलं काडतूस वापरावं का, की सरळ सगळ्यात महागडं परदेशी काडतूस घ्यावं, असं त्यांनी विचारलं आहे.

हाताने भरायचं का, याचं उत्तर नाही असं आहे.

५० मीटरवर चालतं ते पॉइंट टू-टू (.२२ इंच) लाँग रायफल, १८८७ पासून चालत आलेलं काडतूस. ते रिमफायर जातीचं आहे. पुंगळीच्या बुडाशी बाहेर आलेली जी कड दिसते ती आतून पोकळ असते. प्रायमिंगचं, म्हणजे ठोक्याने पेटणारं, मिश्रण ओलं असतानाच कारखान्यात पुंगळी वेगाने फिरवतात आणि ते त्या पोकळीत सगळीकडून पसरतं. फायरिंग पिन ही कड चेपते, मिश्रण पेटतं आणि त्याने दारू पेटते. सेंटरफायर काडतुसाच्या बुडात मधोमध प्रायमरची वेगळी टोपी असते. वापरलेली काढून नवी बसवता येते. रिमफायरमध्ये काढण्याघालण्यासारखं काही नसतंच. एकदा उडालं की कड चेपली, मिश्रण जळलं, पुंगळी भंगारात. गोळीची रचनाही निराळी आहे: पुढचा भाग पुंगळीच्या बाहेरच्या व्यासाएवढाच जाड, मागची टाच तेवढी बारीक होऊन पुंगळीत शिरलेली. उद्यमनगरातले कारागीर शतांश मिलिमीटरात काम करतात, पण या पुंगळीवर त्या हाताला करण्यासारखं कामच उरत नाही.

कायदाही आडवा येतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला निर्मितीचा स्वतंत्र परवाना लागतो. खेळाडूचा परवाना शस्त्र बाळगायला आणि ठरलेल्या संख्येत काडतुसं विकत घ्यायला असतो, बनवायला नाही. ‘दोन-चार भरून बघू’ हासुद्धा गुन्हाच आहे आणि त्यात मुलीचा परवाना आणि खेळ दोन्ही पणाला लागतात. चांगलं काडतूस उघडून आतली दारू मोजण्याचा किंवा गोळी उपसून बघण्याचा मोहही टाळा. कडेतलं मिश्रण ठोक्याने पेटावं म्हणूनच बनवलेलं असतं. पकडीचा दाब आणि फायरिंग पिनचा ठोका यांतला फरक त्याला कळत नाही.

आता वाइल्डकॅटविषयी, कारण त्यामागचा विचार तुमच्या कामाचा आहे. बाजारात तयार न मिळणारं, एखाद्या प्रचलित सेंटरफायर पुंगळीला वेगळा आकार देऊन बनवलेलं काडतूस म्हणजे वाइल्डकॅट. .२५० सॅव्हेजची मान (गोळी धरणारा पुढचा भाग) आवळून तयार झालेलं .२२-२५० कित्येक वर्षं हौशी लोकांच्या हातांतच होतं. रेमिंग्टनने १९६५ मध्ये ते कारखान्यात बनवायला घेतलं. .२२० रशियनच्या पुंगळीवरून पाल्मिसानो आणि पिंडेल यांनी १९७५ च्या सुमारास ६ पीपीसी घडवलं आणि बेंचरेस्टच्या (टेबलावर रायफल टेकवून मारायच्या) खेळात त्याने जवळपास राज्य केलं. यातली मेहनत मोठी आहे. मान एका दमात आवळली तर खांदा (मानेमागचा उतार) चुरगळतो, म्हणून ती टप्प्याटप्प्याने आवळावी लागते. तेच पितळ लहान घेरात आल्यामुळे मानेची भिंत जाड होते. ती खरवडून एकसारखी केली नाही तर चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) मानेला फुलायला जागा उरत नाही, गोळी सुटताना अडते आणि दाब धोक्याच्या पातळीला जातो. वाकवून-आवळून पितळ कडक होतं, म्हणून मानेला आच देऊन ते मऊ करावं लागतं. पण बूड थंडच राहिलं पाहिजे, कारण सगळा दाब झेलणारं बूड मऊ पडलं तर पुंगळी फाटते. शेवटी चेंबरमध्ये उडवून पुंगळी चेंबरच्या नेमक्या आकाराची होते आणि मग लांबी पुन्हा कापून सारखी करतात. नळी जितकी बारीक, तितका दारूतल्या अगदी थोड्या फरकानेही दाब झपाट्याने चढतो, म्हणून हे काम परवाना आणि अनुभव दोन्ही असलेल्यांचंच.

एवढा खटाटोप ते करतात तो एका गोष्टीसाठी: प्रत्येक काडतूस मागच्या काडतुसासारखं असावं. सेंटरफायरवाला हा सारखेपणा हाताने तयार करतो. पॉइंट टू-टूमध्ये तो कारखान्याने तयार केलेला असतो आणि आपल्या नळीला कुठला मानवतो ते शोधायचं काम खेळाडूचं. यालाच लॉट टेस्टिंग म्हणतात; लॉट म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेली काडतुसं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, म्हणून ते सविस्तर देतो.

आधी टार्गेट काय मागतं ते आकड्यांत पाहू. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी व्यासाचं, नवाचं २६.४ मिमी. गोळीचा व्यास ५.६ मिमी आणि रेषेला नुसती कड लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे दहा मिळायला गोळीचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून ८ मिमीच्या आत हवं. दशांश गुणांत दर ०.८ मिमीला एक दशांश जातो. थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकाराच्या) पात्रता फेरीत पूर्णांक धरतात, तिथे १०.० आणि १०.९ सारखेच, प्रोनमध्ये आणि अंतिम फेरीत मात्र दशांश मोजतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पात्रता फेरीत ५९० केले आणि अंतिम फेरीत ४५१.४ करून कांस्य घेतलं. एकाच खेळाडूचे हे दोन आकडे दोन वेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत, आणि काडतुसाची खरी परीक्षा दुसऱ्या पट्टीवर होते.

पण महागड्या काडतुसामागे धावण्यापूर्वी हा हिशोब करा. नेमबाजाच्या हाताचा विस्कळीतपणा आणि काडतुसाचा विस्कळीतपणा यांची सरळ बेरीज होत नाही. दोघांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. समजा मुलीची स्वतःची पकड ३० मिमीचा ग्रुप (छिद्रांचा पसारा) देते आणि काडतूस १२ मिमीचा. एकत्र ग्रुप सुमारे ३२ मिमी येईल. काडतूस दुपटीने चांगलं, म्हणजे ६ मिमीचं आणलं तरी ३०.६. खर्च दुप्पट-तिप्पट आणि फायदा दीड मिलिमीटर. आता पकड १२ मिमीपर्यंत आलेल्या खेळाडूचं बघा: १२ मिमीच्या काडतुसाने १७, ६ मिमीच्या काडतुसाने १३.४. इथे दहा आणि नऊ यांतला फरक पडतो. म्हणून ५० मीटरवर पहिलं वर्ष काढणाऱ्या मुलांसाठी मध्यम दर्जाचं मॅच काडतूस एकाच लॉटचं भरपूर घ्यावं आणि राहिलेला पैसा स्लिंग (रायफल हाताला धरून ठेवणारा पट्टा), जॅकेट, जास्तीचा सराव यांवर घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे. राज्य पातळीवर प्रोनमध्ये सातत्याने ६१०-६१५ च्या पुढे जाणाऱ्या मुलांना लॉट निवडून द्यायलाच हवा.

आता मध्येच खाली किंवा वर जाणाऱ्या त्या एका गोळीकडे येऊ. मॅच काडतुसाचा वेग सुमारे ३२५ ते ३३० मीटर प्रति सेकंद असतो. ५० मीटर जायला गोळीला साधारण ०.१५७ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. साइट (नेम धरायची साधनं) ही घट भरून काढतात, पण सरासरी वेगाचीच. एखाद्या काडतुसाचा वेग १ टक्का कमी पडला तर गोळी सुमारे २.४ मिमी खाली बसते. १० मीटर प्रति सेकंदांनी कमी पडला तर ७ मिमी, म्हणजे मधोमध जाणारा दहा थेट रेषेच्या काठावर येतो. नळीच्या कंपनामुळे हे आकडे रायफलप्रमाणे थोडे सरकतात, पण अंदाज एवढाच. त्यामुळे उभ्या दिशेने विस्कटलेला ग्रुप दिसला की काडतुसाच्या वेगावर संशय घ्यावा. मात्र प्रोनमध्ये श्वास चुकला तरी गोळी उभ्याच रेषेत हलते. दोष श्वासाचा की काडतुसाचा, हे मुलीच्या खांद्यावर रायफल असेपर्यंत कळणार नाही; त्यासाठी आधार लागेल.

‘जास्त वेगाचं काडतूस घेतलं तर वारा कमी लागेल’ असं रेंजवर बरेच जण सांगतात. पॉइंट टू-टूच्या बाबतीत हे उलटं आहे. वाऱ्याने गोळी किती सरकते हे ती हवेच्या अडथळ्यामुळे किती वेळ गमावते त्यावर ठरतं, नुसत्या प्रवासाच्या वेळेवर नाही. आवाजाच्या वेगापलीकडे सुटलेली ही बोथट गोळी सुरुवातीलाच फार वेग गमावते, म्हणून हाय व्हेलॉसिटी काडतूस ५० मीटरवर वाऱ्यात जास्त वाहतं. शिवाय आवाजाचा वेग उलटा ओलांडताना ती डळमळते. मॅच काडतूस मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या थोडं आत ठेवलेलं असतं. त्यालाही १ मीटर प्रति सेकंदाचा आडवा वारा ६ ते ७ मिमी सरकवतो, म्हणजे झेंडी जेमतेम हलवणारा वारा दहा घालवू शकतो. उजव्या पिळाच्या (आतल्या खाचा उजवीकडे वळणाऱ्या) नळीत उजवीकडून आलेला वारा गोळी डावीकडे आणि किंचित वर नेतो, डावीकडून आलेला उजवीकडे आणि किंचित खाली. म्हणून ग्रुप तिरका, घड्याळातल्या दहा ते चारच्या रेषेत लांबलेला दिसला तर काडतुसाला दोष देऊ नका, तो वारा आहे.

लॉट तपासण्यापूर्वी रायफल निर्दोष असल्याची खात्री हवी, नाहीतर सैल स्क्रूची तपासणी महागड्या काडतुसांनी होईल. स्टॉकमधले अ‍ॅक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासा. मॅच रायफलींना बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो, पण कंपनीच्या पुस्तिकेतला आकडाच अंतिम. दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. मागच्या साइटमध्ये ढिलाई आहे का ते पाहा: पाच क्लिक वर, पाच खाली करून पुन्हा मारलं तर ग्रुप मूळ जागी आला पाहिजे. उडालेल्या पाच-सहा पुंगळ्यांच्या कडेवरची पिनची खूण भिंगातून बघा. खोली आणि आकार सारखा हवा. एक खोल, एक उथळ दिसली तर स्प्रिंग थकलेली आहे किंवा बोल्टमध्ये घट्ट झालेलं जुनं ग्रीस आहे. ठोका कमी-जास्त झाला की प्रायमिंग सारखं पेटत नाही आणि वेग बदलतो. कित्येकदा लॉट वाईट म्हणून फेकला जातो आणि दोष दोनशे रुपयांच्या स्प्रिंगमध्ये असतो. स्प्रिंग बदलायची झाली तर ती परवानाधारक दुरुस्तीकाराकडूनच बदला.

नळीची स्वच्छता हा वादाचा विषय आहे, म्हणून एक मध्यममार्ग सांगतो. चेंबरच्या बाजूनेच, मार्गदर्शक नळी लावून, अखंड आवरण असलेल्या सळीने फेल्टच्या गुंडाळ्या पुढे ढकलायच्या. ही मार्गदर्शक नळी नायलॉनची, आपल्या चेंबरच्या मापाची, उद्यमनगरात लेथवर उत्तम करून मिळते. ते साधं साफसफाईचं साधन आहे. फेल्ट तोंडातून बाहेर पडला की तिथेच काढा, तोच परत मागे ओढू नका, कारण नळीच्या तोंडाची कड जिथे खराब होते तिथे ग्रुप फाटतो. रोजच्या सरावानंतर दोन-तीन कोरडे फेल्ट पुरतात. चेंबरच्या लगेच पुढे मात्र काजळीचं कडं जमतं, ते कोरड्या फेल्टला जुमानत नाही. चारपाचशे गोळ्यांनंतर तिथे द्रावण लावून दहा मिनिटं मुरू द्यावं आणि मग फेल्टने पुढे ढकलून काढावं. हे कडं वाढलं की गोळी आत शिरतानाच खरवडली जाते, आणि कालपर्यंत छान चाललेला लॉट आज बिघडला असं वाटतं. पावसाळ्यात रायफल ठेवताना नळीत तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि मारण्यापूर्वी तो कोरड्या फेल्टने पुसून काढा. साफ केलेली नळी पहिल्या १० ते २० गोळ्या जागेवर येत नाही. हे नेहमीचंच आहे. त्या गोळ्या हिशोबात धरू नका.

या दहा-वीस गोळ्यांमागचं कारण कळलं की बऱ्याच गोष्टी सुटतात. शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं आणि त्याचा पातळ थर नळीभर बसतो. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं. एका कंपनीचं काडतूस मारून लगेच दुसरीचं मारलं तर पहिल्या काही गोळ्या मिश्र थरावरून जातात आणि ग्रुप मोठा येतो. ‘तुमचं नवं पाकीट मारून बघितलं, पाच गोळ्या पसरल्या’ असा निकाल देणाऱ्यांनी बहुतेक वेळा हीच चूक केलेली असते.

आता प्रत्यक्ष तपासणी. एका वेळी चारपेक्षा जास्त लॉट घेऊ नका. प्रत्येक लॉटची १०० काडतुसं लागतील, म्हणजे ५० ची दोन पाकिटं. दोन्हींवरचा लॉट नंबर अक्षर-न्-अक्षर तोच असल्याचं दुकानातच तपासा. कंपनी आणि नाव सारखं असलं म्हणजे लॉट सारखा होत नाही. यंत्रावरची हत्यारं, शिसं, दारूची खेप, प्रायमिंगचं मिश्रण यांतलं काहीही बदललं की लॉट बदलतो. एली कंपनीच्या पाकिटावर लॉटसोबत वेगाचा आकडाही छापलेला असतो, तो वहीत उतरवून ठेवा. आपल्या नळीला मानवलेले लॉट एखाद्या विशिष्ट वेगाच्या आसपासचेच निघतात का, हे दोन-तीन वर्षांच्या नोंदींतून दिसू लागतं.

रायफल टेबलावर पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांवर टेकवा. क्लबकडे शिकंजा असेल तर उत्तमच. मारणारी व्यक्ती एकच, दोन गोळ्यांमधला वेळ १५ ते २० सेकंद, सारखा. वेळ सकाळी सूर्य वर येण्याआधीची धरा. कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये नऊनंतर वारा धरतो आणि मग आडवी दिशा काही सांगायच्या लायकीची राहत नाही.

क्रम असा ठेवा: पहिल्या दिवशी लॉट क, ख, ग, घ आणि लगेच उलट घ, ग, ख, क. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रत्येक वेळी त्या लॉटच्या १० गोळ्या नळी बसवायला बाहेर मारायच्या, पुढच्या १० नोंदवायच्या. उलट क्रमाचा उपयोग असा की नळी तापणं, ऊन चढणं, मारणाऱ्याचा थकवा यांचा भार एकाच लॉटवर पडत नाही. दोन दिवसांत प्रत्येक लॉटच्या ८० गोळ्या संपतात, चार ग्रुप हाती येतात आणि शंका राहिलेल्या ग्रुपसाठी २० उरतात.

पाच गोळ्यांच्या ग्रुपवर निकाल देऊ नका. तोच लॉट पाच-पाच गोळ्यांनी मोजला तर आकडे इतके वरखाली होतात की योगायोगाने सुंदर आलेला एक ग्रुप सगळ्यांना भुलवतो. त्याच लॉटचा दहाचा ग्रुप सरासरीने पाचाच्या ग्रुपपेक्षा सुमारे पावपट मोठा येतो, म्हणून कुणाच्या पाचाच्या ग्रुपशी आपला दहाचा ताडून निराश होऊ नये. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक गोळीचे आडवे-उभे सहनिर्देशक मिळतात. ते मोबाइलवरच्या साध्या तक्त्यात घालून दोन्ही दिशांचं प्रमाण विचलन वेगवेगळं काढा. आडवं विचलन वाऱ्यामुळे बिघडलेलं असू शकतं. उभं विचलन लॉटचा खरा स्वभाव सांगतं आणि निवड करताना मी त्यालाच जास्त वजन देईन. कागदी टार्गेट असेल तर ग्रुपमधल्या सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडा मोजा आणि ५.६ मिमी वजा करा.

निवडताना बहुतेकांचं एका ठिकाणी चुकतं. समजा लॉट कचे चार ग्रुप १४, १५, १६, १५ मिमी आले आणि लॉट खचे ११, १२, १२, २१. सगळ्यांचं मन खकडे ओढलं जातं, कारण तीन ग्रुप देखणे आहेत. पण ६० गोळ्यांच्या सामन्यात तो २१ मिमीचा ग्रुप येणारच, आणि कधी येईल ते सांगता येणार नाही. खच्या उरलेल्या २० गोळ्या मारून बघा. पुन्हा १२ च्या आसपास आलं आणि २१ च्या वेळी वारा होता अशी नोंद असेल तर ख घ्या. पुन्हा एक गोळी बाहेर गेली तर क घ्या. वाईटात वाईट ग्रुप ज्याचा लहान, तो लॉट सामन्याचा.

लॉट ठरला की दिरंगाई नको; चांगला लॉट दुकानात तुमची वाट बघत थांबत नाही. परवान्यावरची मर्यादा आधी पाहा आणि मग हिशोब करा. साइटर (सामन्याआधी नेम बसवायच्या गोळ्या) धरून एका सामन्याला साधारण ८० ते १०० गोळ्या लागतात. वर्षात आठ सामने, त्याआधीचे दोन-दोन सराव, असं धरलं तर अडीच हजारांच्या आसपास जातात. रोजचा सराव त्याच कंपनीच्या खालच्या दर्जावर करा म्हणजे वंगण सारखं राहतं. पण दोन्हींचा शून्यबिंदू, म्हणजे गोळी मधोमध बसवणारी साइटची मांडणी, वेगळा असतो; किती क्लिकचा फरक आहे ते वहीत लिहून ठेवा.

काडतुसांची छाननी करावी का, असंही अनेक जण विचारतात. कडेची जाडी गेजने मोजून वेगळी काढणं मध्यम दर्जाच्या काडतुसांत थोडं उपयोगी पडतं, कारण कड चेंबरच्या काठावर टेकते आणि ती पातळ असली की पिनचा ठोका हलका बसतो. ०.०२ मिमीच्या फरकाने ढीग करावेत, फार पातळ आणि फार जाड सरावाला टाकावीत. वरच्या दर्जात हे काम कारखान्यातच झालेलं असतं. वजन करून निवडणं वाया जातं: तुम्ही गोळी, पुंगळी, दारू, मिश्रण आणि वंगण यांची एकत्र बेरीज तोलता, आणि फरक कशाचा ते तराजू सांगत नाही.

साठवण. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात हवा इतकी दमट असते की पुठ्ठ्याचं पाकीट नुसतं कपाटात ठेवलं तरी मऊ पडतं. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, दर महिन्याला जेल वाळवणं, आणि डबा परवान्याच्या अटींप्रमाणे कुलुपात. काडतुसांना तेलाचा हात लावू नका, गोळी पुसू नका, बोटांना वाळू असताना गोळी धरू नका. वंगणावर चिकटलेला एक कण नळीत ओरखडा काढतो. गाडीच्या डिकीत तर कधीच ठेवू नका: उन्हात वंगण पातळ होऊन एका बाजूला ओघळतं आणि परत गोठलं तरी सारखं बसत नाही. रेंजवरही पाकीट सावलीत ठेवा.

तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून वाऱ्याची वाट बघत बसणं ही मोठ्या खेळाडूंकडूनही होणारी चूक आहे. दोन मिनिटं बसलं तरी दारू आणि वंगण दोन्ही तापतात आणि ती गोळी बाकीच्यांबरोबर पडत नाही. वारा ओळखा, मग काडतूस घाला. काडतूस घालून मारलं नाही आणि बाहेर काढलं तर मॅच चेंबरमध्ये गोळीवर नळीच्या खाचांच्या खुणा उमटलेल्या असतात. असं काडतूस सामन्यात परत वापरू नका. काढताना गोळी नळीतच अडकून दारू सांडण्याचीही शक्यता असते, म्हणून नळी टार्गेटकडेच ठेवून हळू काढा.

हवामानाचा एक मुद्दा राष्ट्रीय स्पर्धेसाठी लक्षात ठेवा. आवाजाचा वेग ३८ अंशांना सुमारे ३५४ मीटर प्रति सेकंद असतो, १५ अंशांना ३४०, आणि दिल्लीच्या तुघलकाबाद रेंजवर डिसेंबरच्या सकाळी ५ अंश असेल तर ३३४. ३३० ने सुटणारा लॉट कोल्हापूरच्या उन्हाळ्यात आवाजाच्या वेगापासून निवांत लांब असतो आणि दिल्लीच्या थंडीत अगदी काठावर. थंडीत दारूही किंचित मंद जळते, वंगण कडक होतं, शून्यबिंदू खाली सरकतो. म्हणून मेमध्ये निवडलेला लॉट डिसेंबरच्या पहाटे, इथल्याच थंडीत, ४० गोळ्या मारून पुन्हा तपासा आणि दिल्लीला पोहोचल्यावर पहिल्या सरावात साइट नव्याने लावा.

सुरक्षेच्या दोन गोष्टी मुलीला पाठ करून घ्या. चाप ओढला आणि काही झालं नाही, तर नळी टार्गेटकडे तशीच धरून पूर्ण ३० सेकंद थांबायचं; ठिणगी उशिरा पेटू शकते. मग रेंज ऑफिसरला हात करून बोल्ट उघडायचा. दुसरी जास्त महत्त्वाची: आवाज नेहमीपेक्षा क्षीण आला, धक्का जाणवला नाही, टार्गेटवर छिद्र नाही, तर पुढची गोळी घालायचीच नाही. आधीची नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी मारली तर नळी फुगते. बोल्ट काढून नळीतून उजेड आरपार दिसतो का ते बघायचं, नाहीतर रायफल परवानाधारक दुरुस्तीकाराकडे.

तुमच्या घरी या आठवड्यात करायचं काम एवढंच: स्क्रूंचा टॉर्क, चेंबरपुढचं कडं, पिनच्या खुणा. त्यानंतर सध्याच्याच काडतुसाच्या ४० गोळ्या वाळूच्या पिशवीवरून मारा आणि त्याच लॉटच्या ४० मुलीने प्रोनमध्ये माराव्यात. पिशवीवरही गोळ्या वर-खाली गेल्या तर लॉट बदलायचा. पिशवीवर १५ मिमीच्या आत राहिल्या आणि प्रोनमध्येच फाटल्या, तर लॉटचा विचार वर्षभर बाजूला ठेवून प्रशिक्षकांकडून तिचा श्वास आणि डाव्या कोपराची जागा तपासून घ्या.